शेवटच्या ओळीचा इतिहास

कचेरीतल्या संगणकावर रोज विनातक्रार चालणारी मोठी एक्सेल फाइल ब्राउझरमध्ये उघडायला घ्यावी, बराच वेळ गोल चक्र फिरत राहावे आणि शेवटी फाइल फार मोठी असल्याची एक कोरडी ओळ पडद्यावर यावी, हा प्रकार आता कोणत्याच खात्याला नवा राहिलेला नाही. त्यानंतरची चर्चाही ठरलेली असते. कोणी नेटवर्कच्या नावाने खडे फोडतो, कोणी मशीन जुने झाले म्हणतो, आणि फाइल ज्याने तयार केली तो नेमका त्या दिवशी रजेवर असेल तर सगळे खापर त्याच्या डोक्यावर फुटते. यात थोडेफार तथ्य असेलही. पण मूळ कारण बरेच जुने आहे. स्प्रेडशीटला जन्मापासून कडा आहेत. ओळी किती, कॉलम किती, मेमरी किती याचे आकडे ठरलेले असतात, आणि गेल्या साडेचार दशकांत हे आकडे जसजसे वाढत गेले तसतसे ते वापरणाऱ्याच्या नजरेआड होत गेले. माझे म्हणणे असे की, उघडायला साफ नकार देणारी फाइल ही या इतिहासातली सगळ्यात कमी घातक गोष्ट आहे. ती निदान काहीतरी बिनसल्याचे कळवते. जी फाइल काही न बोलता उघडते, पण सगळी उघडत नाही, तिने कितीतरी मोठे नुकसान केलेले आहे.

पुरावा म्हणून २०२० मधले इंग्लंड घ्या. करोनाच्या चाचण्या करणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आपले निकाल साध्या मजकुराच्या, म्हणजे सीएसव्ही फाइलींत पाठवत होत्या. पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी यंत्रणेत ते निकाल आपोआप एक्सेलच्या साच्यांत ओढले जात आणि तिथून मध्यवर्ती नोंदींत जात. साचे होते जुन्या एक्सएलएस प्रकारचे. त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढे एकही नाही. एका रुग्णासाठी अनेक ओळी लागत असल्यामुळे बीबीसीच्या वृत्तानुसार एका साच्यात सुमारे १,४०० रुग्णच बसत. सप्टेंबरच्या अखेरीस रुग्णसंख्या वाढली, साचे भरले, आणि उरलेल्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातल्या १५,८४१ रुग्णांची नोंद दैनंदिन आकड्यांत आलीच नाही. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल वेळेवर मिळालेला होता. मात्र ते ज्यांच्या संपर्कात आले होते त्यांना शोधणाऱ्या पथकांपर्यंत त्यांची नावे पोचली नव्हती, आणि त्या साथीत दिवसांची किंमत काय होती हे सांगायला नको. आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांना ५ ऑक्टोबरला संसदेत याबद्दल निवेदन करावे लागले. पुढे दोन अर्थतज्ज्ञांनी या घोटाळ्याकडे आपसूक घडलेला प्रयोग म्हणून पाहिले, आणि ज्या भागांत जास्त नोंदी उशिरा पोचल्या तिथे नंतर संसर्गही जास्त पसरला, असा निष्कर्ष काढला.

या घटनेची त्या वेळी जगभर टिंगल झाली. एवढ्या मोठ्या देशाची आरोग्ययंत्रणा एक्सेलवर चालते, हाच विनोद सगळ्यांना पुरला. मला त्यातला लक्षणीय भाग वेगळा वाटतो. त्या आठवड्यात एकही फाइल उघडायची थांबली नव्हती. साचा भरून वाहू लागला तेव्हा तो अडखळला असता, लाल अक्षरांत काही बोलला असता, निदान त्या रात्रीचे काम अर्धवट टाकून बसला असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी हाका मारल्या असत्या. माणसाने हाताने अशी फाइल उघडली तर एक्सेल एक सूचना दाखवते की सगळा डेटा शीटमध्ये मावलेला नाही. आपोआप चालणाऱ्या कामात ती सूचना वाचायला समोर कोणीच बसलेले नसते.

आकडेमोडीच्या साधनांत मर्यादा नेहमीच अशी लपलेली नव्हती. आपल्याकडच्या कीर्द-खतावणीचे पान भरले की बेरीज मारून ती पुढच्या पानावर ओढावी लागे आणि त्या पानाच्या डोक्यावर मागील पानाची रक्कम लिहून मगच पुढची नोंद होई. पान संपल्याचे कारकुनाला न कळण्याची सोयच नव्हती. शिवाय पान संपणे हीच हिशेब तपासण्याची जागा होती. तिथे बेरीज चुकली तर ती तिथेच सापडे. अमेरिकेतल्या हिशेबनिसांचे आडवे, रकान्या-रकान्यांचे मोठे कागदही याच जातीचे. त्यांचा त्रास दुसराच होता: एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे खोडरबराने पुसून पुन्हा काढायचे. संगणकावर रकान्यांचे गणित मांडण्याच्या कल्पना १९६० च्या दशकापासून निघत होत्या. रिचर्ड मॅटेसिच यांनी १९६१ मध्ये अंदाजपत्रकाचे असे प्रारूप मांडले आणि रेने पार्डो व रेमी लँडाऊ यांनी १९६९ मध्ये लॅनपार नावाची प्रणाली बनवली. पण ही सारी मोठ्या यंत्रांवरची कामे होती. टेबलावर ठेवता येणाऱ्या संगणकावरचे पहिले यशस्वी स्प्रेडशीट म्हणजे १९७९ चे व्हिसिकॅल्क.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी डॅन ब्रिकलिन याला ती कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टनने ती प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये उतरवली. ॲपल-२ या संगणकासाठी तो प्रोग्रॅम ऑक्टोबर १९७९ मध्ये बाजारात आला. शीट २५४ ओळींचे आणि ६३ कॉलमचे. आज हसू येईल, पण तेवढेही भरून टाकणे त्या यंत्राला झेपणारे नव्हते, कारण सगळी मेमरी काही दहा किलोबाइटच्या हिशेबात मोजली जाई. इथे एका बारीक गोष्टीपाशी थांबले पाहिजे. व्हिसिकॅल्कच्या पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा आकडा सतत दिसे. किती किलोबाइट जागा उरली, एवढेच तो सांगे. नवे फॉर्म्युले भरत जावे तसा तो आकडा उतरत जाई. कोष्टक रचणारा माणूस त्याच्याकडे डोळा ठेवूनच काम करी आणि आकडा फार खाली आला की कोष्टक आटोपते घेई किंवा त्याचे दोन तुकडे करी. ब्रिकलिन-फ्रँकस्टन यांनी हे काही तत्त्व म्हणून केले नसावे. जागाच इतकी तोकडी होती की ती न दाखवणे म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणे झाले असते. पण परिणाम असा झाला की पहिल्या पिढीच्या वापरणाऱ्याला आपल्या साधनाची कड कुठे आहे हे ठाऊक होते.

१९८३ च्या जानेवारीत आलेल्या लोटस १-२-३ ने व्हिसिकॅल्कला मागे टाकले. मिच केपॉर यांची कंपनी आणि जोनाथन सॅक्स यांचे प्रोग्रॅमिंग. ओळी २,०४८, कॉलम २५६, आणि वेग त्या काळाच्या मानाने झपाटल्यासारखा, कारण प्रोग्रॅम थेट असेंब्ली भाषेत लिहिलेला. लोकांनी त्यात आपले अख्खे धंदे ओतले आणि मग ‘मेमरी फुल’ हे दोन शब्द ऑफिसातल्या रोजच्या बोलण्यात आले. सुरुवातीच्या आवृत्तीची एक खोड आजच्या न उघडणाऱ्या फाइलीशी थेट नाते सांगते. ती आवृत्ती पहिल्या सेलपासून शेवटच्या भरलेल्या सेलपर्यंतचा सगळा चौकोन वापरात आहे असे धरून चाले. म्हणजे वरच्या कोपऱ्यात वीस नोंदी असाव्यात आणि दूर खाली उजवीकडे एखादा एकटा आकडा चुकून टाकला जावा, की मधल्या सगळ्या रिकाम्या जागेसाठी मेमरी अडकून पडे. दुसऱ्या आवृत्तीत ही रचना सुधारली. तरी भूक भागेना. डॉसवर चालणाऱ्या आयबीएम पीसीची मर्यादा ६४० किलोबाइटची, आणि मोठी कोष्टके त्यात मावेनात. म्हणून १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून जादा मेमरीचे तुकडे आळीपाळीने प्रोसेसरसमोर सरकवण्याची एक पद्धत ठरवून दिली. तिघांच्या आद्याक्षरांवरून ती लिम ईएमएस म्हणून ओळखली जाते. त्यासाठी लोक संगणकात वेगळी कार्डे बसवून घेत. कोष्टक मावत नाही म्हणून यंत्राच्या मेमरीची मांडणीच वाकवावी लागली, यावरून तेव्हाची निकड कळते. आणि ही कड ओलांडायला पैसे मोजावे लागत असल्यामुळे ती कोणाच्या विस्मरणात जाणेही शक्य नव्हते.

एक्सेल प्रथम १९८५ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशवर आले आणि १९८७ मध्ये विंडोजवर. ओळी १६,३८४. एक्सेल ९७ मध्ये त्या ६५,५३६ झाल्या आणि एक्सेल २००७ मध्ये १०,४८,५७६. कॉलम बराच काळ २५६ होते, २००७ मध्ये ते १६,३८४ झाले. हे सगळे आकडे दोनाचे घात आहेत. ओळीचा क्रमांक साठवायला किती बिट द्यायच्या हे कोणीतरी एके दिवशी ठरवले आणि त्यातून शेवटची ओळ ठरली. ६५,५३६ म्हणजे दोनाचा सोळावा घात, दोन बाइटमध्ये बसणाऱ्या वेगवेगळ्या क्रमांकांची संख्या. साथीच्या काळात ज्या भिंतीवर इंग्लंडचे निकाल आदळले ती अशी नव्वदीतल्या एका काटकसरीची भिंत होती. दरम्यान मेमरी स्वस्त झाली, विंडोजने डिस्कचीच जागा मेमरी म्हणून वापरायला घेतली, आणि उरलेल्या जागेचा आकडा पडद्यावरून नाहीसा झाला. त्याच्या जागी आली ती खाली-खाली सरकत जाणारी, कधी संपेल असे न वाटणारी जाळी. दहा लाख ओळींचे शीट कोणी डोळ्यांनी पाहत नाही. त्यामुळे ते अनंत आहे असे मानायला मन तयार होते.

२००७ मध्ये दुसराही एक बदल झाला, आणि ऑनलाइन न उघडणाऱ्या फाइलीचे निदान करायचे तर तोच आधी समजून घ्यावा लागतो. जुनी एक्सएलएस फाइल द्विमान स्वरूपाची होती. नवी एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप पुडके असते. फाइलीची प्रत काढून तिच्या नावाचे शेपूट बदलून ‘झिप’ केले की ते उघडून पाहता येते. आत एक्सएल नावाचा फोल्डर, त्यात वर्कशीट्स नावाचा दुसरा, आणि त्यात प्रत्येक शीटसाठी एक एक्सएमएल फाइल सापडते. प्रत्येक सेलची तिथे साध्या मजकुरात नोंद असते: पत्ता अमुक, शैली क्रमांक अमुक, किंमत अमुक. मौज अशी की सेल रिकामा असला, पण त्याला रंग किंवा चौकट दिलेली असली, तरी त्याची नोंद होते. शीटच्या तळाशी असलेल्या अशा एका रिक्त सेलच्या नोंदीला वीसेक अक्षरे लागतात. कोणी दहा कॉलमची निवड माउसने ओढत थेट तळापर्यंत नेली आणि पिवळा रंग भरला, की एक कोटीहून जास्त रिकाम्या सेलच्या नोंदी, म्हणजे वीस कोटींहून अधिक अक्षरे तयार होतात. (कॉलमच्या डोक्यावर टिचकी मारून अख्खा कॉलम रंगवला तर एवढे होत नाही, तिथे कॉलमसाठी एकच नोंद पुरते. हा फरक शिकवताना मी कोणाला पाहिलेले नाही.) पण या नोंदी एकसारख्या असल्यामुळे झिप त्यांना आवळून अगदी लहान करते. डिस्कवर फाइल काही मेगाबाइटचीच दिसते. उघडताना ती फुगते.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी यातच एक पोटकलम आहे. एक्सएमएलचा मजकूर यूटीएफ-८ मध्ये लिहिला जातो आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द काना आणि हलन्त धरून दहा चिन्हांचा, म्हणजे ३० बाइट. तोच रोमन अक्षरांत लिहिला तर ११. गावांची नावे, पत्ते, शेरे यांनी भरलेली मराठी यादी तेवढ्याच इंग्रजी यादीपेक्षा आतून जड असते, जरी झिपमुळे बाहेरून तो फरक बराच झाकला जातो. जुन्या फॉन्टांच्या काळात, जेव्हा मराठी अक्षर म्हणून प्रत्यक्षात रोमन अक्षराचाच सांकेतांक साठवला जाई, तेव्हा हे ओझे नव्हते. अर्थात त्या मजकुरात शोध घेता येत नसे आणि फॉन्ट नसलेल्या मशीनवर तो वाचताही येत नसे, तेव्हा त्या दिवसांसाठी हळहळण्याचे कारण नाही. शिवाय तेच नाव हजार ठिकाणी आले तरी एक्सएलएसएक्स सहसा ते एकदाच साठवून बाकी ठिकाणी त्याचा क्रमांक वापरते. ज्या यादीतला प्रत्येक शेरा निराळा, तिथे मात्र हे ओझे पूर्ण जाणवते.

ऑनलाइन स्प्रेडशीटचा इतिहास याच्याशी येऊन मिळतो. गूगलने जून २००६ मध्ये आपले स्प्रेडशीट प्रयोग म्हणून लोकांपुढे ठेवले. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या शेअरपॉइंटमध्ये एक्सेल सर्व्हिसेस आणली आणि २०१० मध्ये ब्राउझरमधले एक्सेल सर्वांसाठी खुले केले. स्वतःच्या टेबलावरचे एक्सेल यंत्राची सगळी मेमरी आपलीच समजते. ब्राउझरमधल्या पानाला तशी मुभा नाही, आणि पलीकडचा सर्व्हर तर एकाच वेळी हजारो लोकांची कोष्टके सांभाळत असतो. एका माणसाच्या फाइलीने तो अडकू नये म्हणून इथे मर्यादा पुन्हा आकड्यांत लिहावी लागली. शेअरपॉइंट २०१० मध्ये वर्कबुकची मूळ मर्यादा १० मेगाबाइटची होती, पुढे ती वाढत गेली. गूगलने वजनाऐवजी सेल मोजायचे ठरवले. काही काळ ५० लाख सेलची मर्यादा होती, मार्च २०२२ मध्ये ती १ कोटी झाली, आणि त्यात रिकामे सेलही धरले जातात. आता हिशेब करून पाहा. एक्सेलचे तळापर्यंत गेलेले शीट नऊ कॉलमचे असेल तर ९४,३७,१८४ सेल होतात आणि ते गूगलच्या मर्यादेत बसते. दहावा कॉलम जोडला की १,०४,८५,७६० होतात आणि ते बसत नाही. त्यातल्या खऱ्या नोंदी पाचशे असल्या तरी फरक पडत नाही. लोटसच्या पहिल्या आवृत्तीतला तो दूरचा एकटा आकडा इथे नव्या वेषात भेटतो.

म्हणून ऑनलाइन नकार मिळाला की नेटवर्ककडे बघण्याआधी फाइल टेबलावरच्या एक्सेलमध्ये उघडून प्रत्येक शीटवर कंट्रोल आणि एंड ही बटणे एकत्र दाबावीत. एक्सेलच्या मते शेवटचा सेल कुठे आहे, तिथे कर्सर जातो. खऱ्या नोंदी तीनशेव्या ओळीवर संपत असतील आणि कर्सर दहा लाखाव्या ओळीवर जाऊन बसला, तर रोग सापडला. मधल्या ओळी निवडून नुसते डिलीटचे बटण दाबणे उपयोगाचे नाही, त्याने मजकूर जातो आणि रंग तसाच राहतो. ओळीच काढून टाकून फाइल सेव्ह करावी लागते. तेवढ्याने भागले नाही तर पुढचे संशयित शोधायचे. पिव्हट टेबल आपल्या मूळ माहितीची एक पूर्ण प्रत फाइलीतच बाळगून असते. वर्षानुवर्षे कॉपी-पेस्ट होत आलेल्या शीटवर कंडिशनल फॉरमॅटिंगचे नियम तुकड्या-तुकड्यांनी शेकडोंच्या घरात जातात. आणि आजची तारीख किंवा दुसऱ्या सेलचा पत्ता मजकुरातून काढणारी काही फंक्शने अशी आहेत की शीटवर कुठेही काही बदलले की ती नव्याने मोजली जातात. झिप उघडून आतल्या फाइली आकाराप्रमाणे लावल्या की यातला कोणता जड आहे हे पुष्कळदा दोन मिनिटांत कळते. या सगळ्या तपासणीत एक सूत्र आहे. पडद्यावर जे दिसत नाही, पण फाइलीत आहे, ते शोधून काढायचे असते.

यावर जाणकारांचा नेहमीचा आक्षेप असा की मुळात हे कामच स्प्रेडशीटचे नव्हे. लाखो नोंदी ठेवायच्या तर डेटाबेस वापरा, मग ना ओळी संपतील ना फाइल अडेल. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे आणि इंग्लंडच्या बाबतीत तर निर्विवाद. पण या सल्ल्यात स्प्रेडशीट का पसरले याचा विसर पडतो. १९७९ मध्ये कंपनीच्या एखाद्या विभागाला आकडेमोड हवी असेल तर मोठ्या यंत्रांच्या खात्याकडे अर्ज करून ताटकळावे लागे. व्हिसिकॅल्कने त्या विभागप्रमुखाला कोणाच्याही परवानगीशिवाय स्वतःचा हिशेब स्वतः मांडू दिला, आणि केवळ त्यासाठी लोकांनी ॲपल-२ विकत घेतले. आजही पंचायत समितीतल्या कारकुनाला किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाला उद्या संध्याकाळपर्यंत यादी द्यायची असते. त्याच्या हाताशी एक्सेल असते, डेटाबेस रचून देणारा माणूस नसतो. यादी वाढत जाते आणि कोणत्या दिवशी ती एक्सेलच्या आवाक्याबाहेर गेली हे त्याला कोणी सांगत नाही. दोष द्यायचाच तर तो इथे द्यावा.

दुसरा आक्षेप आशावादी आहे. मर्यादा आजवर वाढतच आल्या, पुढेही वाढतील, मग काळजी कशाची? इंग्लंडच्या प्रकरणात काहींनी हेच म्हटले की नवा एक्सएलएसएक्स साचा वापरला असता तर सोळा पट ओळी मावल्या असत्या. हिशेब खरा आहे. पण साथ दुपटीदुपटीने वाढते, आणि सोळा पट म्हणजे फक्त चार वेळा दुप्पट होणे. मोठा साचा लावला असता तर फार तर पुढच्या महिन्यांतल्या कुठल्यातरी आठवड्यात तोच घोटाळा, आणखी मोठ्या आकड्याने, तितक्याच शांतपणे झाला असता. तातडीचा उपाय म्हणून तिथे फाइलींचे लहान तुकडे करून त्या वेगवेगळ्या साच्यांत घालायला सुरुवात झाली. जुन्या एक्सेलमध्येही हे पहिल्या दिवसापासून करता आले असते, फक्त कड कुठे आहे ते कोणाच्या तरी ध्यानात असायला हवे होते.

तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. उरलेल्या जागेचा आकडा डोळ्यांसमोर नाचत राहणे ही काही सुखाची गोष्ट नव्हती. मेमरी वाचवण्यासाठी मथळे तोडणे, कोष्टकांचे तुकडे करणे, कार्डे विकत घेणे, यात लोटसच्या काळात लोकांचे असंख्य तास वाया गेले. ते ओझे यंत्राने उचलले हे चांगलेच झाले. मान्य. माझी तक्रार मर्यादा वाढवण्याबद्दल नाही आणि रोजच्या कामातून ती दूर ठेवण्याबद्दलही नाही. ती जवळ आल्यावर गप्प राहण्याबद्दल आहे. आणि गप्प राहण्याची ही सवय ओळींपुरती नाही. जनुकांच्या नावांतली ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ अशी नावे एक्सेल न विचारता तारखांत बदलून टाकते, हे शास्त्रज्ञांनी २००४ मध्येच लिहून ठेवले होते. २०१६ मधल्या एका पाहणीत एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत असे बिघडलेले शब्द सापडले. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने ती नावेच बदलली. सॉफ्टवेअर गप्प बसून चूक करते म्हणून एका शास्त्राने आपली परिभाषा हलवली. हे बदल ऐच्छिक ठेवण्याची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

ऑनलाइन आवृत्तीने मात्र, कदाचित नाइलाजाने, उलटी दिशा धरली आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरवर बसून मुकाट फुगत राहणे परवडत नाही, त्यामुळे तिला नकार द्यावा लागतो आणि नकाराचे कारणही द्यावे लागते. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये ‘चेक परफॉर्मन्स’ नावाची तपासणी आणली, नंतर ती टेबलावरच्या आवृत्तीतही आली. रिव्ह्यू टॅबवर ते बटण आहे. दाबले की ती शीटवार यादी देते: इथे इतके रिकामे सेल आहेत ज्यांना विनाकारण रंग किंवा आकार दिलेला आहे, ते साफ करू का? होय म्हटले की साफ करते. पिव्हटने बाळगलेल्या प्रतींचे आणि दर बदलाला नव्याने मोजल्या जाणाऱ्या फॉर्म्युल्यांचे निदान तिच्यावर सोडता येत नाही, ते हातानेच करावे लागते. आणि ही तपासणी फाइल उघडल्यावरच चालते, त्यामुळे जी फाइल ब्राउझरमध्ये उघडतच नाही तिच्यासाठी आजही टेबलावरचे एक्सेल, कंट्रोल-एंड आणि ती झिपची युक्ती एवढीच हत्यारे आहेत.